सव्वा मूठ गहू

माझ्या मुलाला मीच आजारी पाडत होते, आणि हे कळायला मला चार वर्षं लागली. उपाशी ठेवून नव्हे हो, खाऊ घालून. दोन्ही वेळेला मांडीवर घेऊन, चिऊचा घास काऊचा घास करत, तोंड पुसून वर पापा घेऊन.

त्या वेळी आम्ही जळगावला दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. नवरा पाटबंधारे खात्यात कारकून, मी घरी. मुलगा वर्षाचा होईपर्यंत असा गुटगुटीत होता की शेजारणी मला त्याची दृष्ट काढायला सांगायच्या. वर्ष झालं, वरचं अन्न नीट खायला लागला आणि सगळं बिनसलं. दिवसातून चार-चार वेळा शी, तीही पातळ, तेलकट, आणि वास असा की शेजारीण खिडकी लावून घ्यायची. पोट टम्म फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे. चिडका तर इतका की कडेवरून उतरवला तरी रडायचा आणि उचलून घेतला तरी रडायचा. जंताचं औषध झालं, टॉनिकच्या बाटल्या झाल्या, मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या, नात्यातल्या एका मामांनी सांगितलं म्हणून दंडाला ताईत बांधून झाला. ताईत दर दोन महिन्यांनी सैल व्हायचा. मी दोऱ्याला नवी गाठ मारायचे आणि त्याच्याकडे पाठ करून रडून घ्यायचे.

आता आमच्याकडची रीत सांगते, म्हणजे माझा मूर्खपणा नीट कळेल. आमचं रोजचं खाणं भाकरीचं. ज्वारीची, बाजरीची, थंडीत उडीद घालून केलेली कळण्याची. गव्हाची पोळी पाहुण्याला, जावयाला, सणाला आणि दुखणाईताला. भाकरी जड, पोळी हलकी, हे आम्हा बायकांना कोणी शिकवावं लागत नाही. मग अशक्त पोराला भाकरी कोण देईल? मी त्याला दुधात कुस्करलेली पोळी द्यायचे, रव्याची खीर, शेवया, चहात बुडवलेली बिस्किटं. आणि या सगळ्यावर गव्हाचं सत्त्व. तीन दिवस गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, पाट्यावर वाटायचे, फडक्यातून गाळायचे, खाली बसलेला पांढरा साका उन्हात वाळवायचा. कंबरडं मोडायचं माझं. त्याची तुपातली लापशी पोराच्या तोंडात गेली की वाटायचं, आता अंगी लागेल. तो जितका वाळत गेला तितकं मी सत्त्व जास्त केलं.

तो पाच वर्षांचा झाला त्या सुमाराला गावात लहान मुलांचे एक नवे डॉक्टर आले. तोवरच्या सगळ्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं, खातो का? यांनी विचारलं, काय खातो? मी मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. सत्त्वाचं तर जरा जास्तच रंगवून सांगितलं, म्हटलं यांना कळू दे आई किती करते ते. ते मान खाली घालून लिहीत राहिले. मग मुंबईच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथे नळी घालून त्याच्या आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासला. तो दिवस मी कोणाला सांगत नाही आणि इथेही सांगणार नाही.

निकाल घेऊन परत आलो तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. तुम्हाला समजावं म्हणून गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणतो, असं म्हणून त्यांनी सांगितलं की गव्हाचा कण पोटात गेला की याच्या आतड्याला आतून इजा होते, मग खाल्लेलं काहीच अंगाला लागत नाही. औषध एकच, गहू बंद. रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किट, सगळं बंद, आणि थोडे दिवस नाही, जन्मभर. नवऱ्याने विचारलं, सणासुदीला एखादी पोळी? डॉक्टर म्हणाले, एखादा घाससुद्धा नाही.

मला काय वाटलं सांगू? मला राग आला. डॉक्टरचा. ज्या धान्याची आम्ही पूजा करतो, ओटी भरतो, ते धान्य माझ्या पोराला विष कसं होईल? मी बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाले, या माणसाला काही कळत नाही. आणि घरी येऊन सत्त्वाचा डबा उघडला, त्यातलं पांढरंशुभ्र पीठ बघितलं, आणि मी तिथेच ओट्याखाली बसले. चार वर्षं. रोज दोन वाट्या.

मग सुरू झाली माझी पहारेकरीण म्हणून नोकरी. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला काय चालतं आणि काय नाही ते लिहून भिंतीला टांगलं. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, सगळ्या डाळी, शेंगदाणे, दूध, अंडं. केळी तर आमच्याकडे पोत्याने. नवऱ्याच्या हापिसातले एक जण सावद्याचे, ते घरचा घड आणून द्यायचे. हाडं भरायला तीळ, रक्ताला खारीक आणि गूळ. पोराला एका वेळी जास्त खाववत नसे, म्हणून दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. शाळेच्या डब्यात भाकरीचा काला, दाण्याची चटणी, कधी तांदळाची धिरडी. बाकीची पोरं पोळीचा रोल आणायची, हा काला चिवडत बसायचा. वर्गाच्या बाईंना मी जाऊन सांगितलं, की वाढदिवसाचा खाऊ याला देऊ नका. त्या हो म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर असं काही होतं की ही बाई जरा डोक्याने कमी आहे.

वर्षभर झाडून सगळं पाळलं. पोट बसलं, चिडचिड कमी झाली, वजनही थोडं चढलं. आणि मग अडकलं. महिना गेला, दोन गेले, डॉक्टरांच्या वजनकाट्यावर काटा त्याच रेघेवर. शी पुन्हा बिघडायला लागली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, गहू कुठून तरी जातोय. मी म्हटलं, शक्यच नाही. ते म्हणाले, जातोय.

माझा स्वभाव मुळात तापट. सासरी मला पाठीमागे मिरची म्हणायचे, मला माहीत होतं आणि मला त्याचा अभिमानही होता. पण त्या दोन महिन्यांत मी जी झाले ती तापट नव्हे, संशयी झाले. शाळेतून आला की मी आधी त्याचे खिसे उलटे करायचे. मग आ कर म्हणायचे आणि त्याचं तोंड हुंगायचे. बिस्किटाचा वास येतो का, पावाचा येतो का. तो बिचारा आपणहून आ करून उभा राहायला शिकला. एकदा त्याच्या शर्टावर चुरा दिसला. मी तशीच शेजारणीच्या दारात गेले आणि तोंडाचा पट्टा सोडला. पोराच्या जिवावर उठलात का, इथपर्यंत बोलले. तो खोबऱ्याच्या वडीचा चुरा होता. शेजारणीने पुढे वर्षभर माझ्याशी अबोला धरला, आणि बरोबरच केलं तिने.

वाण्याकडे जाऊन मी प्रत्येक जिनसाची उलटतपासणी घ्यायचे. हिंगाच्या डबीत कणीक मिसळतात हे मला तिथेच कळलं, म्हणजे रोजच्या फोडणीत मी गहू घालत होते. हिंग बंद केला. आठ दिवस वाटलं, सापडला चोर. वजन हललं नाही.

खरा चोर सापडला गिरणीत. मी नेहमीसारखे दोन डबे घेऊन गेले होते, नवऱ्याच्या पोळ्यांसाठी गहू आणि पोराच्या भाकरीसाठी ज्वारी. माझा नंबर आला तसं मी गिरणीवाल्या भाऊंना म्हणाले, आधी गहू टाका हो भाऊ, मागून ज्वारी. वर्षानुवर्षं मी हेच वाक्य म्हणत होते. कोणतीही बाई हेच म्हणते. ज्वारीवर गहू दळला की कणकेत ज्वारी उतरते, पोळ्या लाटताना चिरतात. म्हणून गहू आधी. गव्हाचं थोडं ज्वारीत गेलं तर काय बिघडतं, उलट भाकरी जरा मऊ होते. त्या दिवशी गहू दळून झाला, भाऊंनी ज्वारी ओतली, आणि पट्ट्याच्या त्या खडखडाटात मी उभी राहून बघत होते. कापडी तोंडातून आधी जे पीठ पडलं ते कणकेच्या रंगाचं होतं. ओंजळभर तरी असेल. मग हळूहळू रंग पालटला. भाऊंनी ते सगळं एकत्र डब्यात हलवून, वरून थापटून माझ्या हातात दिलं.

मी डबा घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिले. दोन महिने मी शेजारणीला, बाईंना, वाण्याला, त्या एवढ्याशा पोराला चोर ठरवलं होतं. आणि दर आठ दिवसांनी मीच गिरणीत जाऊन सांगत होते, आधी गहू टाका, मागून ज्वारी.

त्याच दिवशी घरातला गहू बंद केला, सगळ्यांचाच. नवरा दोन दिवस काही बोलला नाही, तिसऱ्या दिवशी भाकरीबरोबर लोणचं मागून घेतलं, एवढाच त्याचा निषेध. पण गिरणीत माझ्या आधी दुसऱ्या कोणाचा गहू असणारच, म्हणून घरमालकीणबाईंच्या परसात एक जुनं जातं तुळशीला आधार म्हणून पडलं होतं, ते मागून घेतलं. जात्याच्या दगडाला छिन्नीने टाकी लावणारी बाई दारावरून जायची, तिच्याकडून टाकी लावून घेतली, चार पाण्यांनी धुतलं आणि पहाटे उठून दळायला बसू लागले. कॉलनीतल्या बायका हसल्या. मिक्सर घ्यायच्या दिवसांत ही बाई जात्यावर बसते म्हणाल्या. हसा म्हटलं. हाताला घट्टे पडले, खांदा भरून यायचा, पण तीन महिन्यांत पोराचं वजन दोन किलोने वाढलं. डॉक्टरांनी काटा दोनदा बघितला. सात वर्षांच्या पोराला पहिल्यांदाच पोटऱ्या आल्या होत्या. मी रोज आंघोळ घालताना त्या पोटऱ्या दाबून बघायचे, आहेत ना अजून.

आणि त्याच वर्षी श्रावणात कानबाई आली.

आमच्या सासरचं गाव दोंडाईच्यापासून थोडं आत. तिथे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाची देवी, नाकात नथ, अंगावर नवं वस्त्र, आणि सगळी भाऊबंदकी एका घरात. आदल्या दिवशी गहू मोजायचे. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ, मग तो सत्तर वर्षांचा असो की पाळण्यातला. तो गहू घरच्या जात्यावर दळायचा, त्याच्या पुरणाच्या पोळ्या करायच्या. त्यांना रोट म्हणतात. रोट फक्त घरच्यांनी खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही, टाकायचा नाही, आणि ज्याच्या नावाची मूठ पडली त्याने आपला वाटा खाल्लाच पाहिजे. त्याआधीच्या वर्षी सासूबाई गेल्यामुळे देवी बसली नव्हती. म्हणजे गहू बंद झाल्यापासून ही पहिलीच कानबाई.

मला महिनाभर झोप नव्हती. मी नवऱ्याला म्हटलं, जाऊच नको. ते कसं शक्य आहे म्हणाला. मग म्हटलं, आबांना सगळं सविस्तर कळव. आबा म्हणजे माझे सासरे, भाऊबंदकीत सगळ्यांत वडील, गहू मोजायचे ते त्यांच्याच मुठीने. नवरा म्हणाला, पत्र टाकतो. आठ दिवसांनी विचारलं तर म्हणाला, टाकलं. मी पोराचं जेवण बरोबर घेतलं. माझ्या जात्यावरचं ज्वारीचं पीठ, तांदळाचं पीठ, गूळ-तिळाचे लाडू, केळी. ठरवलं होतं, तांदळाच्या पिठाची पारी करून त्यात पुरण भरीन, त्यालाच त्याचा रोट म्हणू. देवीला काय, भाव हवा. अशी मी गाडीत बसल्या-बसल्या स्वतःला समजावत होते. शनिवारी सकाळच्या पॅसेंजरने निघालो. पोरगा खिडकीशी बसून अमळनेरपर्यंत तिळाचा लाडू कुरतडत होता.

घरी पोचून दहा मिनिटं झाली नसतील, मला कळलं की नवऱ्याने पत्रात काहीच लिहिलं नव्हतं. म्हणजे लिहिलं होतं, मुलाची प्रकृती जरा नाजूक असते, बाकी सर्व कुशल. मोठ्या जाऊबाईंनी मला ते पत्रच दाखवलं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. त्या माणसाने आयुष्यात कधी बैलांना पाणी दाखवलं नव्हतं.

मग मीच जाऊबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, डोळ्यांत पाणी आणलं, तांदळाच्या रोटालाही हो म्हणाल्या. पण आबांना विचारल्याशिवाय नाही. त्या आत जाऊन बोलल्या. थोड्या वेळाने आबा माजघराच्या दारात आले. तेव्हा सासरे सुनेशी समोरासमोर बोलत नसत. मी पदर ओढून चुलीशी, आणि ते दाराच्या चौकटीकडे बघून बोलत होते. मी भांडायच्या पूर्ण तयारीत होते. ते ओरडले असते तर मी ओरडले असते, आणि माझा तोंडाचा पट्टा सुटला की मी कोणाला हार जात नाही. पण ते ओरडले नाहीत.

त्यांनी मला त्यांच्या धाकट्या मुलाचं सांगितलं. माझ्या नवऱ्याचा पाठचा भाऊ. तो लहानपणी गेला एवढंच मला माहीत होतं, कसा ते घरात कोणी बोलत नसे. एका श्रावणात तो आजोळी होता. मुठी मोजताना आबांच्या वडिलांकडून गडबड झाली, त्याच्या नावाची मूठ राहिली. पुढच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आत पोरगा तापाने गेला. नऊ वर्षांचा होता.

“एक मूठ चुकनी व्हती, पोरी,” आबा चौकटीला म्हणाले. “एकच.”

मग त्यांनी मला काही करायला सांगितलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. ते गेले. ओसरीवर गहू मोजायला बसले. मी आतून ऐकत होते. एकेकाचं नाव घ्यायचे, मूठ भरून सुपात सोडायचे, वर चिमूटभर. माझ्या पोराचं नाव आलं तेव्हा त्यांचा आवाज बदलला असं मला वाटलं. कदाचित नसेलही बदलला.

तुम्ही म्हणाल, तुला डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुझ्या डोळ्यांनी फरक बघितला होतास. होय. त्या पोटऱ्या मी रोज दाबून बघत होते. पण मला कोणी असं सांगावं की तुझ्या पोराच्या नावाची मूठ सुटली आणि वर्षाच्या आत तो गेला, आणि सांगणारा माणूस रडत नाही, ओरडत नाही, नुसता चौकटीकडे बघतो. मी रात्रभर तेच घोळवत पडून राहिले. गहू खाल्ला तर आजारी पडेल. नाही खाल्ला तर? आजारातून उठवता येतं. दुसऱ्यातून उठवता येत नाही. असा माझा हिशेब झाला, मॅट्रिक पास झालेल्या बाईचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली. देवीसमोर पुरुषांची रांग, थोरापासून लहानापर्यंत, शेवटच्या टोकाला माझा मुलगा. नवी चड्डी, कपाळाला कुंकू. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसांच्या पंगतीत बसला होता, पाठ ताठ करून. पानावर गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर, दुधाची वाटी आणि रोट. मी केलेला तांदळाचा रोट ताटात झाकून घेऊन मी माजघराच्या दारात उभी होते. जाऊबाई वाढत होत्या. त्याच्या पानाशी आल्या आणि थांबल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात तांदळाच्या रोटाचं ताट होतं. मी ते खाली ठेवलं.

जाऊबाईंनी गव्हाचा रोट वाढला. पोराने पानाकडे बघितलं. सात वर्षांचा होता, पण गव्हाची पोळी ओळखायला त्याला कोणाची गरज नव्हती. त्याने हात मांडीवरच ठेवले आणि मला शोधलं. रांगेतले सगळे सुरू झाले होते. आबा जेवत नव्हते, त्याच्याकडे बघत होते. ते हळूच म्हणाले, “खाय भाऊ. देवीना प्रसाद शे.” तरी त्याने हात उचलला नाही. तो माझ्याकडेच बघत राहिला.

मी मान हलवली. हो म्हणून.

त्याने खाल्लं. सगळं खाल्लं, वाटा टाकायचा नसतो म्हणून. मला वाटलं होतं, दीड वर्ष ज्याला सगळ्यांनी नको नको म्हटलं ते मिळालं तर तो आवडीने खाईल. तसं काही नव्हतं. औषध घेतात तसा एकेक घास दुधात बुडवून गिळत होता, आणि प्रत्येक घासाला माझ्याकडे बघत होता. नवरा त्याच्यापासून चार पानं सोडून बसला होता. त्याने आपल्या पानातून मान वर केली नाही. जेवण झाल्यावर आबांनी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि त्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा इतका हलका झाला की त्याचा रागसुद्धा मला धड करता आला नाही.

सोमवारी देवी पाण्यात सोडून आम्ही परत निघालो तेव्हा पोराला उलट्या सुरू झाल्या. गाडीत नवऱ्याच्या मांडीवर, मग माझ्या. जळगावला उतरेपर्यंत पोट फुगून कडक झालं होतं. पुढचे चार-पाच दिवस काय सांगू. खाल्लेलं काही थांबेना. तांदळाची पेज, डाळीचं पाणी, केळं, काहीही. ज्या पोटऱ्या यायला महिने लागले होते त्या आठवड्यात गेल्या. तो रडत नव्हता, पूर्वी रडायचा. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा आणि मी जवळ गेले की पांघरूण डोक्यावर घ्यायचा. मला दर तासाला वाटायचं, मी याला मारलं. देवीच्या भीतीने नव्हे, पंगतीच्या भीतीने मारलं. आता मूठ तर पडली होती ना? पण माझी भीती तसूभर कमी झाली नव्हती. उलट पूर्वी एक होती, आता दोन होत्या.

मी डॉक्टरांकडे लगेच नेलं नाही. ही आणखी एक गोष्ट. काय तोंड दाखवू, म्हणून चार दिवस घरीच मीठ-साखरेचं पाणी पाजत बसले. पाचव्या दिवशी त्याला उभं राहता येईना तेव्हा उचलून नेला.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, काट्यावर धरून उभा केला. मग खुर्चीवर बसले आणि पूर्वीसारखंच शांतपणे विचारलं, गहू खाल्लाय. कोणी दिला?

मी तोंड उघडायच्या आत माझा मुलगा म्हणाला, “मी चोरून खाल्ली पोळी. आईला माहीत नव्हतं.”

खोटं सांगत नाही, माझ्या छातीवरचा धोंडा क्षणभर उतरला. सुटले, असं वाटलं मला. डॉक्टर त्याच्याकडे वळले. चांगलेच वळले. तू मोठा झालास, तुला कळत नाही का, आई तुझ्यासाठी जात्यावर दळते आणि तू चोरून खातोस. तो खुर्चीच्या कडेला धरून ऐकून घेत होता. पाय जमिनीला टेकत नव्हते. आणि मी, जिने खोबऱ्याच्या चुऱ्यावरून शेजारणीची अब्रू काढली होती, ती मी गप्प बसून माझ्या पोराला माझ्या वाट्याचं बोलणं खाताना बघत होते.

“डॉक्टर,” मी म्हणाले, “तो खोटं बोलतोय. मी दिलं. तो माझ्याकडे बघत होता आणि मी हो म्हणाले.”

 डॉक्टरांनी कागद ओढला, सलाईन लिहिलं, दोन दिवस ठेवून घ्यावं लागेल म्हणाले. मला काहीही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं.

दोन दिवसांनी घरी सोडलं. अंगात जरा तरतरी आली होती. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी त्याला उचलायला गेले तर नको म्हणाला, कठड्याला धरून स्वतः उतरला. शेवटच्या पायरीवर थांबला.

“आई, पुढच्या वर्षीपण खावी लागेल का?”

मी म्हटलं, नाही.

“आबांनी सांगितलं तरी?”

आबांनी सांगितलं तरी नाही, मी म्हटलं. देवीने येऊन सांगितलं तरी नाही. त्याने मान डोलावली. मी त्याचा हात धरला, तो त्याने धरू दिला. दवाखान्यापासून रिक्षा स्टँड शंभर पावलं असेल. तेवढ्यात त्याने मला आणखी दोनदा विचारलं.